वंदना संग जगन्नाथ

बुऱ्हाणपुरात प्रेसची पायरी चढणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तारीख काय निघाली?" कारण माणूस प्रेसमध्ये येतो तो घरात लग्न निघाल्यावर, नाहीतर केळीच्या पावत्यांची पुस्तकं संपल्यावर. वंदनाताई महाजनांच्या घरी लग्न निघालं नव्हतं आणि केळ्यांशी त्यांचा संबंध शिकरणापुरता. त्यांनी पिशवीतून एकशे बारा पानांची चळत काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "कादंबरी आहे. लहान मुलांची."

प्रेसचा मालक जीवन आठवीपर्यंत त्यांच्याच वर्गात होता. मराठी शिकवण्याचं काम वंदनाताईंनी पूर्ण केलं होतं, शिकण्याचं जीवनने बाकी ठेवलं होतं. त्याने चळत उलटीसुलटी करून पाहिली.

"मॅडम, सगळी तुम्ही लिहिली? हाताने?"

"मग काय पायाने?"

"नाही, म्हणजे भारीच काम केलं तुम्ही. बॉर्डर कोणती टाकू? मोर आहे, कलश आहे, नवीनमध्ये डोली आली आहे."

बॉर्डर नको, मोर नको, डोली तर मुळीच नको, हे पटवण्यात अर्धा तास गेला. वंदनाताईंनी चार वेळा प्रुफं तपासली, लाल पेनाच्या दोन रिफिली संपवल्या, आणि दोन महिन्यांनी 'जगन्नाथ' नावाच्या कादंबरीच्या तीनशे प्रती त्यांच्या राजपुऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात येऊन पडल्या. गठ्ठे पलंगाखाली मावेनात, म्हणून काही पलंगावर गेले. एकट्या बाईला पलंग लागतो किती? अर्ध्या पलंगावर पुस्तकं झोपली, अर्ध्यावर लेखिका.

वंदनाताईंना रिटायर होऊन वर्ष झालं होतं. शाळेतला मराठीचा वर्ग त्यांच्याबरोबरच रिटायर झाला, कारण मुलंच उरली नव्हती. आता दिवसभरात त्यांचं बोलणं होई ते दूधवाल्याशी, शेजारच्या मालूबाईंशी, आणि गॅस बुक करताना फोनच्या यंत्रात बोलणाऱ्या बाईशी. या यंत्रातल्या बाईला त्या न चुकता "धन्यवाद" म्हणत आणि ती उत्तर देण्याआधी फोन ठेवत, म्हणजे उत्तर आलंच नाही असं वाटायला नको.

कादंबरी अशी होती. जगन्नाथ नऊ वर्षांचा, बोलताना अडखळणारा. घरात आईवडील आहेत, पण त्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. एकाच घरात, दहा पावलांवर राहून त्यांचे सगळे निरोप जगन्नाथने न्यायचे. "बाबांना सांग, ताट वाढलंय." "तिला सांग, मला भूक नाही." ज्याची जीभ अडते त्याच मुलाच्या जिभेवर अख्ख्या घराचा कारभार. हळूहळू जगन्नाथ निरोप वाटेतच बदलायला लागतो. "भूक नाही"चं तो "वास छान येतोय" करतो. मोठी बहीण दरवेळी त्याच्या शेजारी उभी राहते, शब्द अडला की त्याचा हात धरते. शेवटच्या पानावरही आईवडील बोलत नाहीत आणि जगन्नाथ अडखळतोच. दोघं भावंडं तापीच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसतात, बस.

मालूबाईंनी गोष्ट ऐकली आणि गालावर हात ठेवला. "ताई, पोरांच्या पुस्तकात नवराबायको भांडतात का कुठे? पोरं बिघडतील ना!"

"घरात भांडतात ते चालतं?"

"घरची बात वेगळी. पुस्तकात ससा टाका, कासव टाका. आणि तो पोरगा शेवटी बरा करा बरं. भाषणात पहिला नंबर आणा. तोतराच ठेवला तर मतलब काय झाला मग?"

मालूबाईंची नात निशा तेवढी पहिला भाग संपेपर्यंत बसली. तिचा प्रश्न निराळा होता. "आजी, उसको कोई पूछता नहीं क्या, कि तू जेवला का?" वंदनाताईंनी पुस्तक चाळलं. खरंच कोणी विचारत नव्हतं. असं कोणी विचारल्याचं त्यांना आठवतही नव्हतं, मग लिहिणार कुठून?

कारण गोष्ट बनवलेली नव्हती. जगन्नाथ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ श्रीकांत. आता एकोणसाठ वर्षांचा, खकनारच्या तहसीलमध्ये बडे बाबू, आणि आपण लहानपणी अडखळत होतो हे तोंडातून न काढणारा. नऊ वर्षांपूर्वी श्रीकांत न विचारता, न सांगता त्याच्या एका विधुर साहेबांना ताईंच्या घरी 'बघायला' घेऊन आला होता. वंदनाताई तेव्हा चोपन्न वर्षांच्या, टेबलावर सहामाहीचे पेपर. त्यांनी साहेबांना चहा दिला, खुर्ची दिली आणि बेरजा तपासायला पेपरांचा एक गठ्ठाही दिला. साहेबांनी मुकाट्याने सतरा पेपर तपासले आणि गेले. त्या दिवसापासून श्रीकांत बहिणीशी बोलला नाही. फोन यायचा तो त्याच्या बायकोचा, अश्विनीचा, आणि मागून श्रीकांतचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. "तिला विचार, औषध घेते का." अश्विनी विचारायची, "ताई, हे विचारतात, औषध घेता का?" वंदनाताई म्हणायच्या, "त्याला सांग, घेते." ज्या घरात पोराने आईबापांचे निरोप वाहिले, त्याच घरातली पोरं म्हातारी होऊन तिसरीकरवी निरोप धाडत होती.

तेव्हा तीनशे प्रती छापल्या असल्या तरी वंदनाताईंना वाचक एकच हवा होता. पोस्टाने पुस्तक पाठवलं तर तो उघडणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. अश्विनीबरोबर पाठवलं तर "तिला सांग, मिळालं" एवढंच येणार. म्हणून त्यांनी प्रकाशनाचा कार्यक्रम करायचं ठरवलं. चार लोक जमले, रीतसर निमंत्रण गेलं, तर लोकलाजेस्तव तरी येईल. आला तर हातात पुस्तक देता येईल. बाकी माणसं आली नाहीत तरी चालणार होतं.

समाजाच्या हॉलच्या ऑफिसात शालिग्राम बाबू बसतात. त्यांनी कॉम्प्युटर वंदनाताईंकडे वळवला.

"यात बघा मॅडम. विवाह, सगाई, मुंडन, तेरहवीं. तुमचं काय आहे?"

"पुस्तकाचं प्रकाशन."

"वो तो इसमें नहीं है."

"खाली 'अन्य' आहे ना."

"अन्यला वरून परमिशन लागते. अन्यच्या नावाखाली लोक राजनीती करतात." शालिग्राम बाबूंनी विचार केला. "किताब बच्चे की है ना? मग मुंडन टाकू?"

चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईच्या पहिल्या कादंबरीचं मुंडन! वंदनाताई उठून निघाल्या होत्या, पण दुसरा हॉल गावाबाहेर आणि दुखरा गुडघा आपल्या मालकीचा. त्या परत बसल्या. शेवटी शालिग्राम बाबूंनीच तोड काढली. विवाहात टाकलं की स्टेज, माइक, खुर्च्या, सगळं आपोआप मिळतं, कोणाची सही लागत नाही, आणि आत जाऊन तुम्ही काय करता ते कॉम्प्युटर बघायला येत नाही. वधूच्या रकान्यात त्यांनी अर्जदाराचं नाव टाकलं. वराचा रकाना मोकळा ठेवला तर पान पुढे सरकेना.

"कुछ तो डालना पडेगा मॅडम. किताब का नाम काय म्हटलं?"

"जगन्नाथ."

"हो गया," शालिग्राम बाबू म्हणाले आणि पावती छापून आली. वंदनाताईंनी ती न वाचता पर्समध्ये ठेवली. ऑफिसातला कागद वाचला की रक्तदाब वाढतो असं डॉक्टरांनी नव्हे, अनुभवाने सांगितलं होतं.

निमंत्रणाचा मजकूर त्यांनी एका ओळीत एकच बाब अशा आठ ओळींत लिहून जीवनला दिला. गुडघ्यामुळे दारोदार फिरणं शक्य नव्हतं, म्हणून कार्डं वाटण्याचं कामही त्याच्याकडेच सोपवलं. प्रेसचा धर्मेंद्र हेच काम करतो, सगळा गाव त्याला ओळखतो. यादी एकशे वीस घरांची, त्यात खकनारचं एक. आता जीवन मनाने चांगला. नापास विद्यार्थ्यांना मास्तरांबद्दल जेवढं प्रेम असतं तेवढं पहिल्या नंबरवाल्यांना नसतं. मॅडमचं एवढं कोरडं कार्ड आपल्या प्रेसमधून जाणार, हे त्याच्या जिवाला लागलं, आणि त्याने स्वतःच्या खर्चाने ते सजवलं.

दोन दिवसांनी सकाळी मालूबाई वाटीभर हळद घेऊन दारात उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी.

"ताई, मला तरी सांगायचं होतं! भिंतीला भिंत आपली, आणि मला कार्डावरून कळावं?"

"सांगितलं की मी तुम्हाला सगळं. तुम्हीच म्हणालात मतलब काय."

"ते मी पुस्तकाचं म्हटलं. जगन्नाथराव कुठले आहेत?"

वंदनाताईंना बरं वाटलं. निदान नाव लक्षात ठेवलं बाईंनी, वर मानाने 'राव' म्हणाल्या. "आपल्या बुऱ्हाणपूरचाच," त्या म्हणाल्या.

"घरी कोण कोण?"

"आईवडील आहेत. एकमेकांशी बोलत नाहीत."

"अगंबाई, या वयात आईवडील आहेत? नशीबवान आहात. आणि स्वभावाने?"

"सोन्यासारखा. बोलताना जरा अडखळतो."

"ते चालतं हो, कमी बोलणाराच बरा. उमर काय आहे?"

"नऊ."

मालूबाई हळदीच्या वाटीसकट पायरीवर बसल्या. मग त्यांनी पदराखालून कार्ड काढलं आणि तेव्हा वंदनाताईंनी ते पहिल्यांदा पाहिलं.

वर सोनेरी गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. मध्ये, तळहाताएवढ्या अक्षरांत, 'वंदना', खाली एक पाकळ्यांचं हृदय, त्याखाली 'जगन्नाथ'. डावीकडे बाल मनुहार, म्हणजे इकडच्या कार्डांवर घरातल्या लहान पोरांच्या बोबड्या बोलीत असते ती विनवणी: 'हमाली वंदना मॅडम के फंक्छन में जलूल जलूल आना.' तळाला दर्शनाभिलाषी म्हणजे निमंत्रक म्हणून जीवनने आपल्या घरातली अकरा नावं टाकली होती, कारण मॅडमच्या बाजूने टाकायला त्याला कोणी सापडलं नाही. या सगळ्याच्या मधोमध, मुंगीला चष्मा लागावा अशा अक्षरांत, 'यांच्या बालकादंबरीचे प्रकाशन' असं लिहिलेलं होतं. कार्डावर लोक नावं वाचतात, तारीख वाचतात आणि जेवणाची वेळ वाचतात. वर धर्मेंद्रने रिवाजाप्रमाणे प्रत्येक घरी कार्डाबरोबर पिवळे तांदूळ ठेवले होते. पिवळे तांदूळ घरात आले की लग्नच, यावर वाद घालणारा माणूस या गावात जन्मला नाही.

वंदनाताई तशाच रिक्षा करून प्रेसवर गेल्या.

"जीवन, हृदय कशाला टाकलंस?"

"मॅडम, दोन नावांमध्ये तेच बसतं. फॉरमॅटच तसा आहे."

"आणि पिवळे तांदूळ?"

"तांदळाशिवाय निमंत्रण दिलं तर लोक अपमान समजतात. मी तुमची इज्जत वाचवली," जीवन म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं, म्हणून त्याच्यावर ओरडताही येईना.

त्या घरी येऊन फोन करायला बसल्या. अकरा जणांना झाले. "अहो, लग्न नाही, पुस्तक आहे," असं सांगितल्यावर सहा जणांनी "लाजता काय, यात लपवण्यासारखं काय आहे" म्हटलं, तिघांनी हॉलवर चौकशी केल्याचं सांगितलं, तिथेही 'वंदना संग जगन्नाथ' असंच लिहिलंय म्हणाले, आणि एका जुन्या मुख्याध्यापकांनी त्रेसष्टाव्या वर्षी संसार मांडण्यावर वीस मिनिटं मार्गदर्शन केलं. अकरावी शाळेतली जुनी सहकारी. ती म्हणाली, "वंदना, मला फार बरं वाटलं गं. तू एकटी आहेस याचा मला त्रास व्हायचा." तीस वर्षं एका स्टाफरूममध्ये डबा खाऊन तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. वंदनाताईंना तिला खरं सांगायला पुन्हा तोंड उघडावं लागलं आणि ते जड गेलं. आपण पुस्तक लिहिलं याचा आनंद अकरांपैकी एकालाही झाला नव्हता.

मग अश्विनीचा फोन आला. या वेळी मागून आवाज येत नव्हता.

"ताई, कार्ड मिळालं. ह्यांचा तुमच्यावरचा राग गेला बघा. कार्ड हातात घेऊन रडले हो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. म्हणतात, ताईने शेवटी ऐकलं. आम्ही दोघं येतोय."

वंदनाताईंच्या तोंडावर वाक्य तयार होतं. अश्विनी, लग्न नाहीये. तीन शब्द. ते सांगितले की नऊ वर्षांनी निघालेला भाऊ खकनारच्या स्टँडवरूनच परत फिरणार होता.

"त्याला सांग," त्या म्हणाल्या, "वेळेवर ये."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डोळ्यांसमोरची चूक तशीच राहू दिली. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि आनंद झाला, आणि त्या आनंदाची आणखी लाज वाटली. उरलेले एकशे नऊ फोन त्यांनी केले नाहीत.

रविवारी अकरा वाजता हॉलवर एकशे वीस घरांतून अडीचशे माणसं आली. ज्यांना बोलावलं नव्हतं तीही आली, कारण त्रेसष्ट वर्षांची वधू रोज बघायला मिळत नाही. विवाहाच्या पॅकेजमध्ये जेवणाबरोबर स्टेजवर दोन लाल मखमली राजाराणी खुर्च्याही येतात, त्या आल्या होत्या. वंदनाताई नारिंगी काठाची सुती साडी नेसून एकीवर बसल्या आणि दुसरीवर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला. खालून कुजबुज ऐकू येत होती. "बारात कुठपर्यंत आली?" "साडी बघ ना, शाळेची वाटते." "नवरा वरणगावचा आहे म्हणे, ट्रॅक्टरचं शोरूम आहे." मालूबाईंना सगळं माहीत होतं, पण एवढ्या गर्दीत खरं सांगून आपलं महत्त्व कमी करायची त्यांची तयारी नव्हती.

श्रीकांत दारातून आत आला. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात कोट, हातात साडीचा डबा, मागे अश्विनी. केस सगळे पांढरे झाले होते. फोनवर ऐकू येणाऱ्या आवाजाला केस नसतात, त्यामुळे वंदनाताईंना हे माहीत नव्हतं. तो पहिल्या रांगेत बसला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा बहिणीकडे बघून हसला. त्या हसण्यासाठी आणखी दहा मिनिटं गप्प बसावं असं त्यांना वाटलं. पण माइक हातात आला होता आणि माइक आधी दोनदा शिट्टी मारून मगच बोलू देतो.

"लग्न नाहीये," वंदनाताई म्हणाल्या. "जगन्नाथ हे या पुस्तकाचं नाव आहे. मी लिहिलंय."

 मग मागून एकाने विचारलं, "जेवण तर आहे ना?" आणि अडीचशे माणसं हसली. वाईट मनाने कोणी हसलं नाही, पण हसणाऱ्यांना सोय असते की ते अडीचशे असतात. वंदनाताईंनी लिहून आणलेलं चार पानी भाषण उघडलं. पहिलं पान संपेपर्यंत खुर्च्या हलायला लागल्या, दुसऱ्या पानावर मावा जिलेबीचा वास आला, आणि तिसऱ्या पानाला समोर सतरा डोकी उरली, त्यातली तीन झोपलेली. त्यांनी तरीही चौथं पान वाचलं. विंगेतून शालिग्राम बाबूंनी एकट्याने टाळ्या वाजवल्या.

जेवून परतणाऱ्या बायकांनी टेबलावरचे आपापले आहेर हळूच उचलले. पुस्तकं मात्र सगळ्यांनी घेतली, फुकट होती म्हणून. हॉलच्या दारात, जिथे मसाल्याच्या सुपारीचं ताट होतं, तिथे निम्म्यांनी ती ठेवून दिली. निशा एक प्रत घेऊन गेली, पण तिला आजीने ओढत नेलं, तेव्हा तिचं मत कळलं नाही.

श्रीकांत जेवला नव्हता. तो स्टेजवर आला आणि बहिणीपासून चार हातांवर, बायकोकडे तोंड करून उभा राहिला.

"तिला सांग," तो म्हणाला, "की सगळ्या तहसीलमध्ये पेढे वाटून आलोय मी."

"ताई, हे म्हणतात..."

"ऐकलं मी. त्याला सांग, माझी चूक झाली. मी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर तो आला नसता."

"तिला विचार, एवढं बोलावून करायचं काय होतं? तमाशा?"

अश्विनीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा नणंदेकडे. "बस झालं," ती म्हणाली. "माझे पाय दुखायला लागले तुमच्या दोघांमध्ये उभं राहून. काय सांगायचं ते सांगा एकमेकांना. मी रिक्षात बसते." आणि ती खरंच पायऱ्या उतरून गेली.

हॉलमध्ये पोरं खुर्च्या घड्या करत होती. श्रीकांतला आता बोलायचं असतं तरी कोणाकडे तोंड करून बोलावं हा प्रश्न होता. बसायला म्हणून त्याने दुसऱ्या खुर्चीवरचा गठ्ठा उचलला, आणि हातात काहीतरी असावं म्हणून त्यातलं एक पुस्तक उघडलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. लहानपणीही हलायचे. आवाज न काढता वाचलं की एकही शब्द अडायचा नाही, म्हणून तो तासन्‌तास वाचत बसायचा. वंदनाताई पदराचं टोक धरून बसून राहिल्या. पहिलं पान उलटलं. मग दुसरं. एका पानावर तो फार वेळ थांबला आणि त्याने फेटा काढून मांडीवर ठेवला.

"ही ब... बहीण," तो म्हणाला. त्याला थांबावं लागलं. इतक्या वर्षांच्या बाबूगिरीत बसवून ठेवलेली जीभ पुन्हा घसरली होती. "ही प्रत्येक वेळी त्याच्या शे... शेजारी उभी राहते."

"हो."

"हात धरते."

"हो."

"तू कुठे होतीस ताई?"

वंदनाताईंना प्रश्नाचं उत्तर येत नाही असं होत नसे. या प्रश्नाचंही येत होतं.

"शेजारी. धुरपदाबाईंच्या ओसरीवर. घरात आवाज बंद झाला की मी तिकडे पळायचे. तिथून सगळं ऐकू यायचं. बाबा म्हणायचे तिला सांग, मग तू अडकायचास, मग आई म्हणायची लवकर बोल रे. मी सागरगोटे खेळत बसायचे."

"मला वाटायचं तू शाळेत असतेस."

"रविवारीही?"

श्रीकांतने पान उलटलं नाही. "मग हे खोटं का लिहिलंस?"

"असं व्हायला पाहिजे होतं म्हणून लिहिलं. झालं असतं तर कशाला लिहिलं असतं?" त्यांनी आवाज शाळेतल्यासारखा सरळ केला. "मी तुला त्या दोघांमध्ये एकटं सोडलं, श्री. तू जगन्नाथहूनही लहान, सहाच वर्षांचा होतास. मला फार वाईट वाटतं. मला हे तुला सांगायचं होतं, आणि मधे अश्विनीला घालून सांगता येण्यासारखं नव्हतं."

 स्टेजच्या कोपऱ्यात एक पोरगा केळीचे खांब सोडत होता. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, थांबून पुन्हा वाजवला. श्रीकांतने नाक पुसलं, पुस्तक दोन्ही हातांत नीट धरलं, आणि नजर वर न उचलता म्हणाला,

"ताई, अश्विनीला सां... सांग, मला वेळ लागेल. पुष्कळ पानं आहेत."

वंदनाताई खुर्चीचा हात धरून उठल्या आणि एकेक पायरी उतरून रिक्षापर्यंत गेल्या.

"अश्विनी, वेळ लागेल म्हणे. पुष्कळ पानं आहेत."

"कोणी सांगितलं?" अश्विनीने विचारलं.

"श्रीकांतने," वंदनाताई म्हणाल्या. "मला सांगितलं."